गिरणीच्या दारातला जॉबर आणि विद्यापीठाच्या दारातला माजी विद्यार्थी

जानेवारी संपत आला की मालवण तालुक्यातील घराघरांत बारावीच्या परीक्षेची चाहूल लागते. गेल्या काही वर्षांत यांपैकी एखाद्या घरात आणखी एक वाट पाहणे सुरू झाले आहे. मुलीने एखाद्या परदेशी विद्यापीठाकडे अर्ज केलेला असतो, किंवा सोनिपत, बंगळूर, पुणे येथील एखाद्या नामांकित खाजगी विद्यापीठाकडे. निबंध लिहून झाले, शिक्षकांची शिफारसपत्रे गेली. आता मुलाखतीचे बोलावणे यावयाचे आहे. ते केव्हा येईल हे कोणी सांगत नाही. येईलच, असेही कोणी सांगत नाही. अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांच्या बाबतीत तर ही मुलाखत पुष्कळदा विद्यापीठाचा अधिकारी घेतच नाही. त्या विद्यापीठातून पूर्वी पदवी घेतलेला आणि आज मुंबईत वा पुण्यात वरच्या जागेवर बसलेला एखादा गृहस्थ आपल्या सवडीने अर्जदाराशी गप्पा मारतो आणि त्या गप्पांचा अहवाल धाडतो. ज्या भागात असा माजी विद्यार्थी आहे आणि त्याला सवड आहे, तेथील मुलाला बोलावणे येते. इतरांनी मार्चअखेर निकाल लागेपर्यंत वाट पाहावी. मधल्या काळात बारावीची परीक्षाही द्यावी.

या विषयावर पक्षाच्या साप्ताहिकाने शाई खर्च करावी काय, असा प्रश्न काही कार्यकर्ते विचारतील. परदेशी जाणारी मुले ती किती? त्यांच्या चिंता वाहण्यास त्यांचे आईबाप समर्थ आहेत. रापणकरांचे प्रश्न, काजू-आंब्याच्या भावाचे प्रश्न, एस.टी.च्या बंद पडणाऱ्या फेऱ्यांचे प्रश्न समोर असताना हार्वर्डच्या मुलाखतीचे कौतुक कशाला? हा आक्षेप वरवर क्रांतिकारक वाटतो. वास्तविक तो पराभूत मनाचा आहे. सर्वोच्च दर्जाचे शिक्षण ही श्रीमंतांची खाजगी बाब आहे असे एकदा गृहीत धरले, की रापणकराच्या मुलीने तिकडे पाहूच नये हे त्यातून आपोआपच निघते. शिवाय ही पद्धत परदेशापुरती राहिलेली नाही. आपल्या देशातील खाजगी विद्यापीठे तिचा मोठ्या हौसेने अंगीकार करीत आहेत. आजवर सरकारी संस्थांतही मुलाखतीने जे केले, ते पाहिले म्हणजे हा प्रश्न बोटांवर मोजण्याइतक्या मुलांचा आहे असे म्हणण्याचे धैर्य कोणास होणार नाही.

ओळखीने दार उघडणे म्हणजे काय, हे मालवणच्या माणसाला परक्या पंडिताने समजावून सांगण्याची गरज नाही. जुन्या रत्नागिरी जिल्ह्याने, म्हणजे आजच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांनी, मुंबईच्या गिरण्यांना पिढ्यान् पिढ्या माणसे पुरविली. बोटीतून भाऊच्या धक्क्यावर उतरलेला तरुण गावकीच्या खोलीत पथारी टाकी आणि पहाटे गिरणीच्या दाराशी जाऊन उभा राही. त्याला आत घेण्याचा अधिकार मालकाने जॉबरकडे सोपविलेला होता. जॉबर हा स्वतः कधीकाळी तसाच दाराशी उभा राहिलेला कामगार. आता तो आत होता, आणि बाहेरच्यांपैकी कोण आत येण्यास 'योग्य' हे तो ठरवी. योग्यतेची त्याची कसोटी कोठेही लिहिलेली नव्हती. गाव कोणते, जात कोणती, कोणाची चिठ्ठी आणली, दस्तुरी किती देणार, कामावर लागल्यावर मान खाली घालून राहील की नाही, यांवर ती ठरे. ज्याला आत घेतले नाही त्याने बदली कामगार म्हणून उद्या पुन्हा दाराशी यावे. परवा पुन्हा यावे. मालकाला ही व्यवस्था सोयीची होती, कारण भरतीची जबाबदारी कोणावरच राहत नव्हती. आणि दाराशी रोज गर्दी असल्याने आत असलेल्यांनाही धाक राही.

या व्यवस्थेविरुद्ध कामगार लढले. १९३१ साली व्हिटली आयोगाने, म्हणजे साम्राज्य सरकारनेच नेमलेल्या आयोगाने, जॉबरच्या हातची भरती काढून घ्यावी आणि त्यासाठी गिरण्यांत स्वतंत्र अधिकारी नेमावेत अशी शिफारस केली. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाला बदली कामगारांची नोंद ठेवून त्यांना क्रमाने काम देण्याची योजना स्वीकारावी लागली. ती अपुरी होती आणि तिच्यातही वशिले चालत. परंतु एक तत्त्व तिने मान्य केले. दाराशी उभ्या असलेल्या माणसाचे नाव कोठेतरी लिहिलेले असले पाहिजे आणि त्याची पाळी केव्हा येणार हे त्याला कळले पाहिजे. ज्या विद्यापीठांना स्वतःला जगातील सर्वश्रेष्ठ म्हणवून घ्यावयाचे आहे, त्यांनी एकविसाव्या शतकात मालवणच्या विद्यार्थिनीला परळच्या बदली कामगाराहून हीन वागणूक द्यावी, हा काळाचा महिमा.

माजी विद्यार्थ्याकडून मुलाखत ही जॉबरचीच सुधारून वाढविलेली आवृत्ती आहे असे म्हटले तर ते अनेकांना झोंबेल. मुलाखत घेणारे दस्तुरी मागत नाहीत. त्यांपैकी बहुतेक सज्जन असतात आणि आपला वेळ विनामूल्य देतात. ते सर्व मान्य करावे. मुद्दा व्यक्तीच्या सज्जनपणाचा नाही. जो आत आहे त्याने बाहेरच्याची पारख करावी, त्या पारखेला लिखित कसोटी नसावी, आणि ज्याची पारख झालीच नाही त्याला दाद मागण्याची जागा नसावी, या तीन गोष्टी दोन्हीकडे समान आहेत. आपल्यासारखा माणूस समोर आला की माणसाला तो हुशार वाटतो. यासाठी दुष्ट असण्याची आवश्यकता नसते.

ही पद्धत कोणत्या हेतूने जन्मास आली, याचाही इतिहास उपलब्ध आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोठ्या विद्यापीठांत प्रवेश मुख्यतः परीक्षेवर मिळे. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यूंची मुले त्या परीक्षा उत्तम रीतीने पार करू लागली. १९२२ साली हार्वर्डमध्ये त्यांचे प्रमाण एक-पंचमांशाच्या पुढे गेले, तेव्हा अध्यक्ष लॉवेल यांनी त्यांच्यावर उघड मर्यादा घालण्याची सूचना मांडली. उघड मर्यादेवर ओरड झाली आणि ती फेटाळली गेली. मग १९२६ च्या सुमारास तेच काम झाकल्या हाताने करण्यात आले: अर्जदाराचे 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' पाहावयाचे, छायाचित्र मागवावयाचे, मुलाखत घ्यावयाची. येल आणि प्रिन्स्टन त्याच वाटेने गेली. जेरोम काराबेल यांच्या 'द चोझन' या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा सारा व्यवहार विद्यापीठांच्याच कागदपत्रांवरून मांडलेला आहे. ज्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात शिकले, त्याच्याही पदवी महाविद्यालयाने महायुद्ध संपता संपता अर्जदाराचा धर्म आणि आईचे माहेरचे नाव विचारणारे अर्ज छापले. आईचे माहेरचे नाव कशासाठी विचारतात, हे आपल्या समाजात कोणास सांगावे लागू नये.

त्या देशातील अगदी अलीकडील उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि ते टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हार्वर्डविरुद्ध आशियाई वंशाच्या अर्जदारांच्या बाजूने जो दावा चालला, त्यात असे दिसून आले की, अर्जदाराला प्रत्यक्ष भेटणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आशियाई मुलांच्या व्यक्तिमत्त्वाला गोऱ्या मुलांच्या जवळपास गुण दिले होते. त्यांना कधी न भेटलेल्या प्रवेश कार्यालयाने मात्र ते कमी केले होते. म्हणजे समोरासमोर बसलेला माणूस कागदावरच्या माणसापेक्षा न्यायी निघाला! मुलाखतीच्या समर्थकांनी हे उदाहरण जरूर द्यावे. परंतु त्यातून निघते ते एवढेच की, 'व्यक्तिमत्त्व' नावाचा रकाना एकदा निर्माण केला की तो कोणाच्याही हातात हत्यार होतो. मुलाखत घेणाऱ्याने नाही वापरले तर त्याच्या वरचा वापरील. आणि २९ जून २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो काय? काळ्या विद्यार्थ्यांना थोडाबहुत आधार देणारे वंशाधारित धोरण मोडीत निघाले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या झुकत्या मापाला हात लागला नाही. बाप जेथे शिकला तेथे मुलाला अग्रहक्क! वतनदारी नष्ट झाली असे समजणाऱ्यांनी या वतनाची सनद एकदा पाहून घ्यावी.

आता घरात डोकवावे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात १९७९ च्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० गुण आणि तोंडी परीक्षेला ५० गुण ठेवले होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपे. त्या दोन-तीन मिनिटांत वडील काय करतात, राहता कोठे, असे प्रश्न विचारीत, आणि लेखी परीक्षेत मागे असलेले काही विद्यार्थी तोंडी परीक्षेच्या बळावर पुढे जात. अजय हासिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालपत्राद्वारे, एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक गुण मुलाखतीला ठेवणे मनमानी ठरेल असे सांगितले आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण करणे इष्ट होईल असेही सुचविले. मात्र दरम्यान सुमारे दीड वर्ष उलटून गेल्याने त्या वर्षीचे प्रवेश काही रद्द झाले नाहीत. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना तत्त्व मिळाले. त्या वर्षीच्या जागा ज्यांना मिळाल्या त्यांच्याकडेच राहिल्या.

तत्त्व तरी टिकले काय? जवाहरलाल नेहरू विद्यापीठ हे पुरोगामी विचारांचे माहेरघर समजले जाते. तेथे तोंडी परीक्षेला ३० टक्के गुण होते. लेखी परीक्षेत चांगले गुण मिळविणाऱ्या दलित, आदिवासी आणि मागासवर्गीय विद्यार्थ्यांना तोंडी परीक्षेत एक-दोन गुणांवर बोळवितात, ही तक्रार वर्षानुवर्षे होती. नाफे समितीने २०१६ साली गुणांचा अभ्यास करून भेदभावाचा हा आकृतिबंध मान्य केला आणि तोंडीचे गुण निम्म्यावर, म्हणजे १५ वर आणावेत अशी शिफारस केली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने काय करावे? एम.फिल. आणि पीएच.डी.साठी लेखी परीक्षा केवळ पात्रतेपुरती ठेवून निवड शंभर टक्के मुलाखतीवर करण्याचा नियम काढला! २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ही तरतूद रद्द ठरविल्यानंतर आयोग ७० आणि ३० वर आला. ज्या ३० गुणांपासून तक्रार सुरू झाली होती, तेथेच फिरून येण्यास विद्यार्थ्यांना आंदोलने आणि न्यायालये करावी लागली. आणि हे पुरोगामी प्राध्यापकांच्या खोल्यांत घडले, ही गोष्ट समाजवादी चळवळीने स्वतःपासून लपवू नये.

मुलाखतीच्या बाजूचा एक युक्तिवाद मात्र विचारात घेण्याजोगा आहे. गुणपत्रिका सर्व सांगत नाही. पहाटे वडिलांबरोबर रापण ओढून मग शाळेत गेलेल्या मुलाचे ८० टक्के आणि दादरच्या शिकवणी वर्गातून घडविलेल्या मुलाचे ९५ टक्के यांत थोर कोणते, हे समोर बसून बोलल्याशिवाय कळत नाही, असे म्हणतात. यात तथ्य आहे. केवळ परीक्षेचा आग्रह धरणाऱ्यांनी वैद्यकीय प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेचे काय झाले ते पाहावे. तामिळनाडूत न्यायमूर्ती राजन समितीने २०२१ साली दाखवून दिले की, त्या परीक्षेनंतर ग्रामीण आणि तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्यांचा वैद्यकीय जागांतील वाटा घसरला. तेव्हा मुलाखत काढून तिच्या जागी शिकवणी वर्गांची परीक्षा बसविली म्हणजे न्याय झाला असे मुळीच नाही.

परंतु रापण ओढणाऱ्या मुलाच्या नावाने ही मुलाखत चालते, तो मुलगा तिच्यापर्यंत पोहोचतो काय? मुलाखतीची भाषा इंग्रजी. विषय कोणते? फावल्या वेळात काय करता, कोणत्या देशात प्रवास केला, कोणत्या सामाजिक उपक्रमाचे नेतृत्व केले. या मुलाला फावला वेळ नसतो. आणि घरच्या होडीवर काम करण्याला 'नेतृत्व' म्हणतात हे त्याला कोणी शिकविलेले नसते. पर्ससीनच्या आणि एल.ई.डी. दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी जी आंदोलने केली, त्यांत त्याचे घर उतरलेले असते. मुंबईच्या मुलाने समुद्रकिनारा एकदा झाडला तर त्याचा निबंध होतो. मालवणच्या मुलाने समुद्र वाचविण्यासाठी वडिलांबरोबर मोर्चा काढला तर तो मुलाखतीत सांगावा की लपवावा, याचाच त्याला संभ्रम पडतो. शहरातल्या मुलाला हे सर्व शिकविणारे सल्लागार पैसे मोजून मिळतात. गुणांची शिकवणी असते तशी व्यक्तिमत्त्वाचीही असते, आणि ती अधिक महाग असते.

विद्यापीठे यावर एक ठराविक उत्तर देतात: मुलाखत झाली नाही म्हणून अर्जदाराचे नुकसान होत नाही. हे उत्तर नीट तपासावे. मुलाखतीने काहीच फरक पडत नसेल, तर सतरा-अठरा वर्षांच्या हजारो मुलांना तिची वाट पाहावयास लावण्याचे प्रयोजन काय? आणि ज्याची मुलाखत चांगली झाली त्याला तिचा लाभ होत असेल, तर जागा मोजक्याच असल्याने तो लाभ इतर कोणाच्या तरी पदरातून काढलेला असतो. आणि तो 'इतर' बहुधा जेथे माजी विद्यार्थी राहत नाहीत त्या जिल्ह्यातला असतो. आता मुलाखती संगणकाच्या पडद्यावर होतात, अंतर राहिले नाही, असेही सांगतात. अंतर किलोमीटरचे असते तर विमानतळानेही मिटले असते; चिपीचा विमानतळ २०२१ साली सुरू झाला आहे.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. दहावी-बारावीच्या निकालांत कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. २०२४ साली दहावीचा निकाल ९९.०१ टक्के आणि बारावीचा ९७.५१ टक्के लागला. निकालाच्या दिवशी मंत्री अभिनंदन करतात, वृत्तपत्रे कोकणच्या मुलींची छायाचित्रे छापतात. आणि दुसऱ्या दिवसापासून ही मुले प्रतीक्षायादीत उभी राहतात. जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ नाही. महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली; म्हणजे गुणपत्रिकेतील चूक दुरुस्त करावयाची तरी पाचशे किलोमीटरवरच्या फोर्ट किंवा कालिन्याकडे पाहावयाचे. कोकणासाठी स्वतंत्र विद्यापीठाची मागणी जुनी आहे आणि तिला आश्वासनांची कधीच टंचाई पडली नाही. बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर १९७१ ते १९९१ अशी वीस वर्षे प्रा. मधु दंडवते यांना या भागाने लोकसभेत पाठविले. रेल्वेची मागणी कोकणाने किती वर्षे धरून ठेवली, आणि १९९८ साली गाडी पूर्ण मार्गावर धावू लागेपर्यंत किती पिढ्यांनी एस.टी.च्या रात्रीच्या गाड्यांतून मुंबई गाठली, हे जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. त्या मागणीला भिकेचे स्वरूप येऊ दिले नाही हे दंडवत्यांचे मोठेपण. विद्यापीठाच्या मागणीला अद्याप तसा आवाज लाभलेला नाही.

निवडक संस्थांच्या जागा मूठभर आहेत म्हणून मुलाखतीचे माहात्म्य आहे. चांगल्या जागा वाढल्या तर निवडण्याची चैन आपोआप कमी होईल, आणि म्हणून मुख्य मागणी सार्वजनिक शिक्षणाच्या विस्ताराचीच राहणार. परंतु ती मान्य होईपर्यंत दाराशी उभ्या असलेल्यांनी काय करावे? ज्या विद्यापीठांना या राज्याचा कायदा, या राज्याची जमीन आणि करांतील सवलती हव्यात, त्यांना मुलाखतीचे गुण १५ टक्क्यांच्या वर नेता येऊ नयेत. मुलाखत कोणाची आणि कोणत्या तारखेला होणार याची यादी अगोदर प्रसिद्ध व्हावी. विद्यार्थ्याला मराठीत उत्तरे देण्याचा हक्क असावा. भगवतींनी सुचविलेले ध्वनिमुद्रण आज दोन आण्यांचे काम आहे, ते सक्तीचे असावे. बारावीचा निकाल लागण्यापूर्वी जागा राखण्यासाठी हजारो रुपये भरून घेण्याची प्रथा तर ताबडतोब बंद झाली पाहिजे. ती प्रतीक्षेचीच दस्तुरी आहे. खाजगी संस्थांतही सामाजिक न्यायासाठी कायदा करण्याचा अधिकार ९३ व्या घटनादुरुस्तीने २००५ सालीच सरकारला दिलेला आहे. तो वापरण्याची इच्छा नाही एवढेच.

परदेशी विद्यापीठांवर विधानसभेचा कायदा चालत नाही, हे खरे. परंतु मुंबई-पुण्यात राहून त्यांच्या वतीने मुलाखती घेणारे गृहस्थ येथीलच नागरिक आहेत. त्यांतले काही पुरोगामी संस्थांच्या व्यासपीठांवरही बसतात आणि विषमतेवर उत्तम भाषणे करतात. गेल्या पाच वर्षांत त्यांनी सिंधुदुर्गातील किती मुलांची मुलाखत घेतली, हे पुढच्या सभेत कोणीतरी त्यांना विचारावे. आणि तेवढ्यावर न थांबता, चळवळीतील माणसांनी उभ्या केलेल्या ज्या शिक्षणसंस्थांत आजही प्रवेशापूर्वी पालकांना 'भेटीला' बोलावितात, त्या भेटीत वडिलांचा व्यवसाय का विचारला जातो, याचे उत्तर त्यांच्या विश्वस्तांकडून जूनच्या आत लेखी मागवावे.